परसातल्या अ‍ॅक्वापोनिक्सचा धंदा करायचाय? आधी वही काढा

माझे मोठे काका बडोद्याला असतात. दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले आणि महिन्याभरातच त्यांनी परसात १००० लिटरची टाकी बसवली. टाकीत कोई मासे आणि शेजारी खडी भरलेले चार टब. टबांत पालक, पुदिना, कोथिंबीर. माती नाही, खत नाही, पाणी तेच तेच फिरतंय. आम्ही भेटायला गेलो तेव्हा काकांनी पाहुणचाराच्या आधी टाकी दाखवली. काकू म्हणाली, "चहा गार झाला तरी चालेल, पण मासे बघितल्याशिवाय सुटका नाही."

मग या जानेवारीत काकांचा फोन आला. "अगं, तू लेख लिहितेस ना? मग जरा शोधून सांग. हेच मोठ्या प्रमाणावर केलं तर?" एका कंपनीने त्यांना कोटेशन दिलं होतं. २०० चौरस मीटरचे वाफे, पॉलिहाऊस, टाक्या, सगळं बसवून २८ लाख रुपये. महिन्याला लाखभर उत्पन्न, असं तोंडी आश्वासन. पैसे कुठून येणार? पीएफमधून.

दहा मिनिटांनी काकूचा फोन. आवाज हळू. "मासे मेले तर दुसरे आणता येतील गं. पीएफ काही दुसऱ्यांदा मिळत नाही. तू नीट बघून सांग."

माझं शिक्षण बी.ए. इंग्रजी. मासे मी फक्त ताटात ओळखते. पण आकडे वाचता येतात, म्हणून पंधरा दिवस वाचत बसले. तुमच्या घरातही कुणी गच्चीवर किंवा परसात असा प्रयोग केला असेल आणि 'आता हे विकायला काढू या' असं ठरत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी.

टाकीत नेमकं काय चालतं?

मासे खातात आणि पाण्यात अमोनिया सोडतात. अमोनिया माशांना विषासारखा. पण खडीवर आणि पाइपांच्या आत राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट हे रोपांचं अन्न. रोपं ते शोषून घेतात आणि स्वच्छ झालेलं पाणी माशांकडे परत जातं. म्हणजे या घरात तीन भाडेकरू आहेत: मासे, जिवाणू आणि रोपं. तिसऱ्याचं पोट पहिल्याच्या ताटावर आणि दुसऱ्याच्या कष्टावर भरतं.

सगळं गणित माशांच्या खाद्यावर बसतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१४ मध्ये छोट्या अ‍ॅक्वापोनिक्सवर एक सविस्तर पुस्तिका काढली. तिच्यातला नियम असा: पालेभाजीच्या १ चौरस मीटर वाफ्यामागे रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य, आणि टोमॅटो, वांगी अशा फळभाज्यांसाठी ५० ते ८० ग्रॅम. काकांचे वाफे ४ चौरस मीटरचे. म्हणजे रोज २०० ग्रॅमच्या आत खाद्य. एक वाटीभर. काका सकाळी पेपर वाचता वाचता ते टाकतात.

आता २०० चौरस मीटर घ्या. वाटीच्या जागी रोज १० किलो खाद्य. एक किलो खाद्यामागे साधारण ३० ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात उतरतो, म्हणजे रोज ३०० ग्रॅम. तो रोजच्या रोज पचवणारे जिवाणू आधी तयार असावे लागतात आणि त्यांना जम बसवायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकी भरली आणि दुसऱ्या दिवशी हजारभर बोटुकली सोडली, असं चालत नाही.

घरी जे फुकट असतं, ते धंद्यात फुकट नसतं

काकांच्या टाकीत जेमतेम १० किलो मासे आहेत. वीज गेली तर काका फोनवरून तक्रार करतात, चहा पितात, मासे तग धरून असतात. व्यावसायिक टाकीत मासे दाटीने ठेवावे लागतात, तरच जागेचा खर्च निघतो. तिथे हवा बंद पडली तर तासाभराच्या आत मासे मरू शकतात. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणजे उन्हाळ्यात विजेची मागणी वाढून लाइट जाते, नेमकी तेव्हाच माशांना हवेची गरज जास्त असते. म्हणून धंदा करायचा तर जनरेटर किंवा बॅटरीवर चालणारा एअर पंप पहिल्या दिवसापासून हवा.

दुसरी गोष्ट गाळाची. घरच्या टबातली खडी दोन कामं करते. गाळ अडवते आणि जिवाणूंना घर देते. सहा महिन्यांनी काका खडी उपसून धुतात. २०० चौरस मीटर खडी कोण धुणार? म्हणून मोठ्या प्रकल्पात खडी जाते आणि पाण्यावर तरंगणारे थर्माकोलसारखे तराफे येतात. पण तराफा गाळ अडवत नाही. त्यासाठी गाळ बसवायची वेगळी टाकी, बारीक गाळ धरणारी जाळ्यांची टाकी आणि पाण्यातले वायू बाहेर काढणारी टाकी, असं सगळं लागतं. गाळ रोज काढावा लागतो. दिवाळीलासुद्धा.

तिसरी गोष्ट किडीची. पालकावर मावा आला तर शेजारचा शेतकरी औषध फवारतो. तुम्हाला ते करता येत नाही, कारण खाली मासे आहेत. कडुनिंबाचं तेलसुद्धा पाण्यात उतरलं तर माशांना बाधतं. आणि मासे आजारी पडले तर त्यांना औषध देता येत नाही, कारण वर पालक आहे आणि मधे जिवाणू आहेत. घरी चार टबांवरचा मावा काकू पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन टाकते. मोठ्या पॉलिहाऊसमध्ये कीटकजाळी, चिकट सापळे आणि रोज पानं उलटून बघणारा माणूस लागतो.

सेंट क्रॉयची टाकी

अंगणातून धंद्याकडे जायचा रस्ता ज्यांनी नीट मोजून दाखवला, त्यांत डॉ. जेम्स रॅकोसी यांचं नाव पहिलं येतं. कॅरिबियन समुद्रात सेंट क्रॉय नावाचं बेट आहे. तिथल्या व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं खपून व्यावसायिक आकाराची एक रचना उभी केली. आज जगभर तिचीच नक्कल होते. काकांना मिळालेल्या कोटेशनमधला नकाशासुद्धा जवळजवळ तसाच होता.

तिथे माशांच्या चार टाक्या आहेत, प्रत्येकी ७,८०० लिटरच्या. रोपांसाठी सहा लांब हौद, सगळं मिळून २१४ चौरस मीटर. सगळं पाणी सुमारे १ लाख १० हजार लिटर. रोज त्यातलं दीड टक्का पाणीच नवं घालावं लागतं. पाणी फिरवायला एकच अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप, आणि हवेसाठी दीड आणि एक हॉर्सपॉवरचे दोन ब्लोअर. वर्षाला सुमारे ५ टन तिलापिया मासा निघतो. हाच मासा आपल्याकडे उजनीकाठी चिलापी म्हणून विकतात.

मला आवडली ती चार टाक्यांमागची युक्ती. मासा तयार व्हायला २४ आठवडे लागतात. चारही टाक्यांत एकदम बोटुकली सोडली तर सहा महिने विकायला काहीच नाही आणि मग एकाच दिवशी सगळा माल. शिवाय मासे काढले की खाद्य थांबतं आणि पालक उपाशी. म्हणून ते दर सहा आठवड्यांनी एक टाकी भरतात. म्हणजे दर सहा आठवड्यांनी एक टाकी विक्रीला तयार होते आणि पाण्यात रोज जवळपास सारखंच खाद्य पडत राहतं. भाजीचंही तसंच. दर आठवड्याला थोडी लावणी, थोडी काढणी.

सामू म्हणजे पीएच रोज बघायचा आणि ७ च्या आसपास ठेवायचा. जिवाणूंच्या कामामुळे तो खाली घसरत राहतो. तो वर आणायला तिथे कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड आलटून पालटून घालतात. त्यातून रोपांना कॅल्शियम आणि पोटॅशियमही मिळतं. माशांच्या खाद्यातून लोह पुरेसं येत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी तेही द्यावं लागतं. पानं पिवळी पडली की काका म्हणायचे, "ऊन कमी पडतंय." ऊन नव्हे काका, लोह.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नकाशात नाही. सेंट क्रॉय हे बेट आहे. तिथे बहुतेक सगळा भाजीपाला बाहेरून येतो. बोटीने किंवा विमानाने आलेल्या सॅलडच्या पानांपेक्षा सकाळी काढलेली ताजी पानं गिऱ्हाइकाला जास्त पैसे देऊन घ्यावीशी वाटतात. आणि बडोद्यात? पहाटे खंडेराव मार्केटमध्ये ओली पालकाची जुडी हजर असते. जमिनीत उगवलेली, स्वस्त आणि ताजी. कोटेशनवाल्यांनी सेंट क्रॉयच्या टाक्या बडोद्यात आणल्या. सेंट क्रॉयचं गिऱ्हाईक त्यांना आणता येणार नव्हतं.

काकांची वही

काका हिशेबनीस होते. त्यांच्याकडे वही होतीच. आठवड्याला सरासरी ३ किलो पालेभाजी निघते, अशी नोंद होती. ४ चौरस मीटरला ३ किलो, तर २०० चौरस मीटरला १५० किलो. आम्ही व्हिडिओ कॉलवर बसून हिशेब मांडला. भाव आम्ही धरलेले आहेत. तुम्ही तुमच्या गावचे घाला.

महिन्याचा खर्च: खाद्य ३०० किलो, ५० रुपयांनी १५,००० रुपये. वीज: ३ हॉर्सपॉवर चोवीस तास म्हणजे महिन्याला सुमारे १,६०० युनिट, ८ रुपयांनी साधारण १३,००० रुपये. दोन माणसांचा पगार ३०,००० रुपये. बी, बोटुकली, पॅकिंग, औषधाऐवजी लागणारे सापळे मिळून ७,००० रुपये. एकूण ६५,००० रुपये.

महिन्याची आवक: मासे सुमारे १६५ किलो, घाऊक १२० रुपयांनी साधारण २०,००० रुपये. तेही पहिले सहा महिने सोडून. भाजी ६०० किलो. मार्केटात व्यापाऱ्याला २० रुपये किलोने दिली तर १२,००० रुपये. एकूण ३२,००० रुपये. म्हणजे दर महिन्याला ३३,००० रुपये खिशातून.

काका गप्प झाले. मग म्हणाले, "आणि थेट घरोघरी ८० रुपयांनी विकली तर?" तर भाजीचे ४८,००० रुपये, माशांसह ६८,००० रुपये. खर्च जाऊन ३,००० रुपये उरतात. २८ लाख गुंतवून. तेही एकही जुडी वाया गेली नाही, लाइट गेली नाही आणि सहाशे किलो भाजी दर महिन्याला घरोघरी पोहोचली तर.

या हिशेबातून एक गोष्ट लख्ख दिसते. मोठं करणं म्हणजे टाकीचा आकार वाढवणं नव्हे. घरी काकांचा वेळ फुकट होता, वीज घरच्या बिलात मुरत होती आणि पालक वाटायचा होता, विकायचा नव्हता. या तिन्ही गोष्टींना किंमत लागली की तोच पालक महाग होतो. त्यामुळे 'किती उगवेल' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, 'या भावाला कोण घेईल?'

हे फक्त काकांच्या वहीपुरतं नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी व्यावसायिक अ‍ॅक्वापोनिक्स करणाऱ्या २५७ जणांची आंतरराष्ट्रीय पाहणी केली. ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. आदल्या बारा महिन्यांत नफा झाला असं सांगणारे एक तृतीयांशापेक्षाही कमी होते. आणि नफ्यात असण्याची शक्यता कुणाची जास्त होती? जे मासे-भाजीबरोबर साहित्य, प्रशिक्षण, सल्ला असंही काही विकत होते त्यांची. म्हणून एखाद्या प्रशिक्षण शिबिरात भरभराटीचे आकडे ऐकले तर एवढंच विचारा: यातले किती पैसे पालकाचे आणि किती शिबिराचे?

नेदरलँड्समध्ये द हेग शहरात एका जुन्या इमारतीच्या छतावर २०१६ मध्ये मोठ्या थाटात मासे आणि भाज्यांचं शहरी शेत सुरू झालं होतं. २०१८ मध्ये ते दिवाळखोरीत निघालं. उलट, अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात सुपीरियर फ्रेश ही कंपनी सॅमन मासा आणि सॅलडची पानं एकत्र पिकवून मोठ्या प्रमाणावर विकते. म्हणजे धंदा होतच नाही असं नाही. पण तिथे मासा महागडा आहे आणि कडाक्याच्या थंडीत ताज्या पानांना मागणी आहे.

मग करायचं काय?

कुणाचा उत्साह मारायला मी हे लिहीत नाहीये. पैसे घालायच्या आधी वर्षभरात या गोष्टी करून बघा.

पहिलं, विक्री आधी करा. आहे त्याच टाकीची भाजी निदान वीस घरांना पैसे घेऊन द्या. शेजारी फुकट मिळालेल्या पालकाचं कौतुक करतात. ते ८० रुपये देतात का, हे वेगळं. आमच्या काकांच्या गल्लीत बहुतेक घरं शाकाहारी. कोईचं पाणी पिऊन वाढलेला पालक त्यांना चालतो, पण खायचे मासे त्याच टाकीत आले तर चालेल का, हे काकूनेच दारोदारी विचारलं. चार घरांनी स्पष्ट 'नाही' म्हटलं. हे २८ लाख घातल्यावर कळलं असतं तर?

दुसरं, पालकापेक्षा महाग विकणारं पीक शोधा. तुळशीच्या कुळातली इटालियन बेसिल, पुदिना, सॅलडची पानं. हॉटेलवाल्यांशी बोला. मात्र ऋतू लक्षात ठेवा. लेट्यूस उन्हाळ्यात फुलोऱ्यावर जातं आणि कडू होतं.

तिसरं, दुसरी टाकी बसवा, दहावी नव्हे. दोन टाक्यांत दीड-दोन महिन्यांच्या अंतराने मासे सोडून बघा. खाद्य, सामू, अमोनिया, मेलेले मासे, विकलेल्या जुड्या, परत आलेल्या जुड्या, सगळं वहीत. स्वतःचे तासही लिहा.

चौथं, लाइट गेल्याची तालीम करा. स्वतः समोर उभं राहून पंप बंद करा आणि मासे किती मिनिटांत पृष्ठभागावर येऊन तोंड उघडायला लागतात ते बघा. लगेच पंप सुरू करा. तेवढीच मिनिटं तुमच्या हातात आहेत.

पाचवं, जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा. तिलापिया पाळायला आपल्याकडे परवानगी लागते, थाई मागूरवर तर बंदीच आहे. २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना सुरू झाली. तिच्यात सर्वसाधारण गटाला ४० टक्क्यांपर्यंत आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्क्यांपर्यंत मदत ठेवली होती. तुमचा प्रकल्प तिच्यात बसतो का, हे लेखी विचारा. पण अनुदान हातात आहे असं धरून कर्ज काढू नका.

आणि सहावं, 'माल आम्हीच परत विकत घेऊ' असं कुणी म्हणालं तर भाव, वजन, मुदत आणि माल नाकारायच्या अटी कागदावर मागा. काकांनी मागितल्या. त्यानंतर त्या कंपनीचा फोन आला नाही.

आता काय चाललंय?

काकांनी पीएफ बँकेत ठेव म्हणून ठेवला. दुसरी टाकी मात्र बसवली, स्वतःच्या हाताने, ३५ हजारांत. फेब्रुवारीपासून चौदा घरांना दर शनिवारी भाजी जायला लागली. पोहोचवायला काका स्कूटरवर, यादी सांभाळायला काकू.

मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला आणि पालक आठवड्याभरात फुलोऱ्यावर गेला. दोन शनिवार द्यायला काहीच नव्हतं. चौदातली पाच घरं परत आली नाहीत. काका दोन दिवस टाकीजवळ गेले नाहीत, असं काकूने सांगितलं. मग तिसऱ्या दिवशी सकाळी वही उघडून त्यांनी लाल पेनाने लिहिलं, "मे: पालक नाही. माठ आणि भेंडी लावणे. सावलीची जाळी." आणि खाली पाच घरांची नावं.

परवा मी विचारलं, "काका, मग पुढच्या वर्षी मोठं करायचं?" ते म्हणाले, "आधी ही पाच घरं परत आणतो. मग बघू."

तुमच्या परसातल्या टाकीचंही असंच काही चाललं असेल, तर आजच एक वही घ्या आणि पहिल्या पानावर तारीख टाका. दुसऱ्या पानावर लिहा, गेल्या आठवड्यात तुमची भाजी किती जणांनी पैसे देऊन घेतली. आकडा शून्य असला तरी लिहा. काकांचाही तिथूनच सुरू झाला होता.